टोनभाऊ

ऑर्केस्ट्रात गायकाला नाव असतं, ढोलकीवाल्याला बक्षीस मिळतं, कीबोर्डवाल्याला गाडीत पुढची सीट मिळते. बेस गिटारवाल्याकडे फक्त मतं असतात. आमच्या टोनभाऊंकडे ती भरपूर आहेत.

भाऊ दिवसा वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहेत, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नापास करतात. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून सिडकोत उतरले, की स्वतःचा आवाज नापास करायला बसतात. त्यांना 'काळा' आवाज हवाय. जाड, दबका, कुठेही न चमकणारा. कुणी खणखणीत वाजवलं, की ते जीभ चावून म्हणतात, "स्टीलचं दुकान उघडलं का?"

या ध्यासाचं मूळ डेट्रॉइटचं. तिथे मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन नावाचा अवलिया 1962 सालचा फेंडर प्रिसिजन वाजवायचा. एकाच तर्जनीने. तारा फ्लॅटवाउंड, तुटल्याशिवाय न बदललेल्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. 1983 मध्ये तो वारला, त्याच्या थोडंच आधी तो बेस चोरीला गेला. भाऊ हे असं सांगतात, की ऐकणाऱ्याला सिटी चौक ठाण्यात तक्रार द्यावीशी वाटते. सासऱ्यांचा वाढदिवस त्यांना आठवत नाही. 1962 मात्र झोपेत विचारा. आर. डी. बर्मनच्या ताफ्यातल्या टोनी वाझचं नाव घेताना तर ते कानाची पाळी पकडतात.

फोमची सोय घरातच झाली. भांडी घासायच्या स्पंजचा हिरवा थर कापला, की उरलेला पिवळा भाग तारांखाली नेमका बसतो. जास्त दाबला तर 'थप', कमी दाबला तर 'ठुंऽऽऽ'. भाऊंना हवा 'ठुम्', म्हणजे बोलला आणि बसला. त्या एका 'म्'पायी वहिनींचे किती स्पंज गेले, याचा हिशेब वहिनींकडेच आहे. टोनचं बटण पूर्ण बंद असतं. पोराने एकदा विचारलं, "बाबा, बंदच ठेवायचं तर बसवलं कशाला?" त्याला उत्तर मिळालं नाही, अभ्यासाला बसवण्यात आलं.

याच पोराने खंडेनवमीला, पूजेआधी, बापाच्या तारा स्पिरिटने लख्ख पुसल्या. इतक्या वर्षांत मुरलेला घाम, तेल, मळ, सगळं एका फडक्यात. भाऊ रागावले नाहीत. दिवाळीपर्यंत बोललेच नाहीत.

सगळ्यात कठीण प्रकरण कॉम्प्रेसरचं. चारास एक लावला, की ठरलेल्या रेषेवर चार डेसिबल चढलेला आवाज एकच डेसिबल चढतो. मग सगळंच वर उचलता येतं. नवख्याला हे कळत नाही म्हणून भाऊ आपल्या आजीचं उदाहरण देतात: पंगतीत मोठ्याने बोलणाऱ्याला ती दाबायची आणि कोपऱ्यात पुटपुटणाऱ्याला म्हणायची, "नीट बोल की रे." सगळे एका पट्टीत. "आजीचा रिलीज मात्र फार स्लो होता," भाऊ पुढे म्हणतात. "एकदा दाबलं, की माणूस संध्याकाळपर्यंत वर यायचा नाही."

अशी सिद्धता करून भाऊ बीड बायपासवरच्या लॉनवर हळदीला वाजवायला जातात. साउंडवाला त्यांची वायर खोचतो आणि बेसचं बटण उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवतो. भाऊ कळवळून दोनशे हर्ट्झबद्दल बोलू लागतात. तो म्हणतो, "भाऊ, पब्लिक नाचायला येऊ राहिलं, ऐकायला नाही."

आणि खरी गोची तिथेच आहे. हा आवाज जमला, की तो वेगळा ऐकूच येत नाही. गाणं भरल्यासारखं वाटतं, पाय आपोआप हलतात, आणि टाळ्या गायकाला पडतात. जमला नाही, तरच लोक मान वळवून बघतात. भाऊंनी असा धंदा निवडलाय, ज्यात कौतुक म्हणजे कुणाचंच लक्ष न जाणं.

परवा त्यांची वायर ऐन गाण्यात सुटली. गायक गात होता, ढोलकी चालू होती, तरी नाचणारे गोंधळून थांबले. नवरदेवाचे मामा स्टेजजवळ धावत आले आणि थेट भाऊंनाच म्हणाले, "जनरेटर बंद पडला का हो?"

साउंडवाला हसला. भाऊंनी मात्र मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या टोनला इतकी जाणकार दाद आजवर कुणी दिली नव्हती.