जुन्या आवृत्तीवाले काका

प्रत्येक कॉलनीत एक जुन्या आवृत्तीवाले काका असतात. आमचे सिडकोत राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि सध्या ‘वीरधवल’ कादंबरी पुन्हा वाचताहेत. पहिल्यांदा वाचली ती पैठणजवळच्या गावी, सहावीच्या सुट्टीत, माळवदावर. तेव्हापासून दिसेल त्या पोराला ते सांगतात, “वाच रे! तुमचा हॅरी पॉटर हिच्यापुढं पाणी भरतो.” पुस्तक मात्र कुणालाच देत नाहीत. हॅरी पॉटर त्यांनी वाचलेला नाही.

“नाथमाधव माहितंय का? शिकारीला गेलेला माणूस कड्यावरून पडला, कमरेखालचं अंग लुळं झालं. त्यानं अंथरुणावर पडल्या पडल्या १९१३ साली ‘वीरधवल’ दिली. अन् तुम्हाला बसून वाचवत नाही!”

निवृत्तीनंतर काकांनी नवी प्रत आणली आणि पंचाईत झाली. सहावीतला मुलगा राजपुत्राच्या बाजूचा होता. आताचा वाचक पेन्शनर आहे. कुणी तट ओलांडून आत शिरलं की काका विचारतात, “पहाऱ्यावर कोण होता? सस्पेंड केलं का त्याला?” लढाई झाली की खर्च कुठल्या हेडखाली टाकला, याची चौकशी. भुयार आलं की समासात पेन्सिलीनं शेरा : ‘पाझराचं काय?’ “आपल्या मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून पाण्याची नहर खोदली, तर उतार मोजला, जागोजागी मॅनहोल ठेवली. इथं सगळा अंधार!”

पण खरं दुखणं वेगळंच. “पूर्वी कादंबरीतलं जंगल तीन दिवस संपायचं नाही. आता चहा निवायच्या आत संपलं. नव्या आवृत्तीत कापलंय!” मागच्या महिन्यात ते नातवाला घेऊन दौलताबादला गेले. किल्ल्यातल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारातून, बाहेर पडताच म्हणाले, “हिलाही आखूड केलंय.”

काकू म्हणाल्या, “तुमची उंची वाढलीय, एवढंच.” काका ऐकतात थोडेच! गावी जाऊन त्यांनी ट्रंकेतून आपली मूळ प्रत काढून आणली : पिवळी पडलेली, कडा कसरीनं खाल्लेली, आत त्यांच्याच अक्षरात ‘इयत्ता सहावी, तुकडी ब’. दोन्ही प्रती शेजारी ठेवून, चष्मा पुसून, फूटपट्टी लावून ओळ न् ओळ ताडून पाहिली. एक शब्द कमी निघाला नाही.

“मग काय काका, पटलं?”

“पटलं ना. कापाकापी तेव्हाच झाली होती बघा. पोरं समजून गुंडाळलं आम्हाला!”