दहा मिनिटं आऊट

गाडी मी चालवते आणि तिच्याविषयी सगळे बोलतात ते माझ्या नवऱ्याशी. त्याच्याकडे लायसन्स आहे, पण ते पूर्वी कधीतरी ओळखपत्र म्हणून उपयोगी पडेल या हिशेबानं काढलेलं. गॅरेजच्या दारात मी स्टेअरिंगमागून उतरते, तो पलीकडच्या दारानं उतरतो आणि आतून आलेला माणूस बॉनेटला वळसा घालून थेट त्याच्यापाशी जातो. ‘‘बोला साहेब, काय त्रास?’’

साहेब बँकेत ऑडिटला होते. विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारलं तर कागदावर टिकेल तेवढंच बोलतात.

‘‘ओढते.’’

‘‘कुठल्या साइडला?’’

‘‘माझ्या.’’

म्हणजे डावीकडे. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल धरलं की आमची छोटी हॅचबॅक फुटपाथकडे सरकायची. खरं तर आम्ही गॅरेजपर्यंत पोचलो हेच विशेष, कारण पुण्यात गाडीचं निदान पार्किंगमध्येच उरकतं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, गाडीत काही नाही, दोष रस्त्याचा. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. आपण डाव्या बाजूनं चालवतो, तेव्हा गाडी थोडी डावीकडे उतरणारच. यात तथ्य आहे, फक्त आमच्या रस्त्यावरच्या पाण्याला हे कुणी कळवलेलं नाही. ते मधेच थांबतं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, आधी हवा बघा. एका बाजूच्या टायरात हवा कमी असली तरी गाडी तिकडे ओढते. एवढ्या सगळ्यांत हा एकच सल्ला फुकट असून कामाचा होता. हवा बरोबर निघाली.

धाकटे दीर फोनवर म्हणाले, ‘‘वहिनी, बॅलन्सिंग करून टाका.’’ ते कुठल्याही दुखण्यावर बॅलन्सिंगच सुचवतात. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. ते नसलं की ऐंशीच्या आसपास स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि रिमला चिमुकली वजनं ठोकली की शांत होतं. अलाइनमेंटचा वजनाशी संबंध नाही. चाक कुठं बघतंय आणि कसं उभं आहे, एवढाच तिथं प्रश्न असतो.

आमची चाकं भलतीकडे का बघायला लागली, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच. ताशी २५ किलोमीटरनं सुखरूप पार करता यावा असा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे तो उरलेलं डांबर परत न्यायचा कंटाळा आल्यामुळे झालेला आहे. त्याच्या पलीकडे खड्डा. खड्डा चुकवला तर चेंबरचं झाकण. पुढचं चाक अशा ठिकाणी तिरकं आदळलं की त्याला दिशा देणारा टाय रॉड किंचित वाकतो, नाहीतर एखादं बुश ढिलं पडतं. बाहेरून काहीही दिसत नाही.

गॅरेजमधल्या पोरानं चारी चाकांना पाट्या अडकवल्या. समोरचे कॅमेरे त्या पाट्यांकडे बघत होते. त्यानं गाडी थोडी मागं, थोडी पुढं ढकलली आणि पडद्यावर हिरवे-लाल आकडे उमटले.

‘‘साहेब, टो दहा मिनिटं आऊट आहे.’’

साहेबांनी घड्याळ बघितलं.

मग पोरानं साहेबांना शिकवलं आणि मी मागं उभी राहून शिकले. तीन कोन असतात. गाडीकडे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलेली आहेत की बाहेर फाकलेली, तो टो. समोरून बघितलं तर चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर, तो कॅम्बर. तिसरा कॅस्टर. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस कडेनं बघितला तर तिरका असतो, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखा. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून जागेवर येतं ते बरंचसं त्याच्यामुळे, आणि सायकल हात सोडून चालवता येते त्यातही त्या तिरकेपणाचा वाटा आहे. लहानपणी सांगलीत मी त्यापायी मार खाल्लाय. कॅस्टर तेव्हा माहीत असता तर बाजू तरी मांडता आली असती.

‘‘मग तिन्ही शून्य करून टाका,’’ साहेब म्हणाले. ऑडिटवाल्याला शून्य फार आवडतं.

आणि इथंच खरी गंमत आहे. तिन्ही शून्य केले तर गाडी बिघडेल. उभी असताना चाकं मुद्दाम किंचित वाकडी ठेवायची, म्हणजे धावताना ती सरळ होतात. धावताना रस्ता त्यांना रेटतो, इंजिन ओढतं, रबरी बुशं दबतात. कुठलं मॉडेल किती दबेल हे बघून कंपनी आधीच तेवढा उलटा तिरकेपणा देऊन ठेवते. वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट बसावं म्हणून कॅम्बर. कॅस्टर काढून घेतला तर वळवलेलं स्टेअरिंग वळवलेलंच राहायला बघेल. वळताना तर पुढची दोन्ही चाकं सारखी वळतसुद्धा नाहीत, आतलं जास्त वळतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या घोडागाडी बनवणाऱ्याची. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट १८१८ मध्ये घेतलं त्याचे एजंट रूडॉल्फ आकरमान यांनी, जे लंडनला चित्रं आणि पुस्तकं छापून विकत. आज जगभर तिला आकरमान यांच्याच नावानं ओळखतात. बॉनेटला वळसा घालून पलीकडच्या माणसाशी बोलण्याची प्रथा जुनी आहे.

नवऱ्यानं तोवर खिशातलं पेन काढलं होतं. दहा मिनिटं म्हणजे अंशाचा सहावा भाग. एखादं चाक एवढं तिरकं असेल तर किलोमीटरमागं जवळजवळ तीन मीटर आडवं घासतं. पुणे ते कोल्हापूर धरलं तर साडेसहाशे मीटरांहून जास्त. ‘‘म्हणजे आपण कोल्हापूरला जातो तेव्हा टायर थोडासा भलतीकडेच जाऊन येतो,’’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात अफरातफर सापडल्याचा आनंद होता.

त्या भलत्या प्रवासाचं भाडं रबर भरतं. पोरगा म्हणाला, डावा टायर आतून खाल्लाय. बाहेरून बघितलं तर नक्षी छान शाबूत. खाली वाकून बघितलं तर आतली कड मुंडण केल्यासारखी. तळवा टायरवर आडवा फिरवून बघायला सांगितलं: एकीकडून गुळगुळीत, उलट फिरवला की खरखरीत. ही टो बिघडल्याची खूण घरबसल्या तपासता येते, पैसे पडत नाहीत, फक्त हात काळे होतात.

तरी एक गोष्ट मला पटेना. पुढच्या दोन्ही चाकांचा टो बिघडला तर ती आपसांत तडजोड करतात, स्टेअरिंग तिरकं बसतं, रबर झिजतं. पण गाडी एकाच बाजूला ओढायला सहसा दुसरं काही लागतं. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये फरक, किंवा कॅस्टरमध्ये, नाहीतर ब्रेक धरून राहिलेला. हे मी विचारलं. पोरानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाला, ‘‘साहेब, टायर अदलून बघू.’’ पुढचा डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मी चक्कर मारून आले.

‘‘आता?’’ त्यानं साहेबांना विचारलं.

‘‘तिच्या,’’ साहेब म्हणाले.

म्हणजे ओढत होता तो खाल्लेला टायरच. टो बिघडला म्हणून टायर झिजला आणि झिजलेला टायर गाडीला ओढायला लागला. नुसती अलाइनमेंट करून आलो असतो तर पावती मिळाली असती आणि गाडी फुटपाथकडेच गेली असती. पुढे दोन नवे टायर घातले, मग पोरानं खाली उतरून टाय रॉडचा नट सैल केला, पाना एवढासा फिरवला आणि वर पडद्यावर लाल आकडा हिरवा झाला.

छापील रिपोर्ट साहेबांच्या हातात दिला गेला. त्यांनी तो वरून खाली वाचला आणि बोट ठेवलं. मागचं उजवं चाक लाल होतं.

‘‘ते ॲडजस्ट होत नाही साहेब. मागं आडवा बीम असतो, त्याचे कोन कंपनीतून ठरून येतात. जरासाच बाहेर आहे, चालतंय.’’

नवरा बराच वेळ त्या लाल चौकोनाकडे बघत राहिला. असा कागद फाइलला लावायचा म्हणजे त्याला रात्री झोप येणार नव्हती.

‘‘हा ब्लॅक-अँड-व्हाइटमध्ये मिळेल का?’’ त्यानं विचारलं.