शाल, श्रीफळ आणि पायऱ्या

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन आला की वसई-विरारमध्ये दिव्यांगांबद्दलचा कळवळा नाक्यानाक्यावर फ्लेक्स होऊन लटकतो. मंचावर शाल, श्रीफळ आणि एखादं शिलाई मशीन. मंचाला पायऱ्या भरपूर, उताराचा पत्ता नाही. म्हणून सत्कारमूर्तीला चौघे खुर्चीसकट उचलून वर नेतात. फोटो झकास येतो. (कोणाचा, ते विचारू नका.)

२०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकरीतला वाटा ३ वरून ४ टक्के. पंगत तिप्पट, भात एक वाटी जास्त. शिवाय नोकरी गाठायला आधी सकाळची विरार लोकल गाठावी लागते, आणि दिव्यांगांच्या डब्यात दारापर्यंत धडधाकटच उभे.

मग धंदा करा! राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची योजना आहेच: हरित ऊर्जेवर चालणाऱ्या वाहनावरचं फिरतं दुकान. ‘फिरतं’ ही खरी दूरदृष्टी. नालासोपारा स्टेशनबाहेर अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली, की वडे तळणाऱ्याला उकळत्या कढईसकट निघता यायला नको?