सूचनापेटीची किल्ली

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून दीड तास गाजवणारे आजोबा वृद्धाश्रमात आले की एकदम ‘शांत स्वभावाचे’ होतात. म्हणजे फॉर्मवर तसं लिहिलं जातं. सोसायटीत त्यांच्या पाठीशी १९६० चा सहकार कायदा होता. मत होतं, निवडणूक होती, हिशेब मागायची सोय होती. इथे भिंतीवर सूचनापेटी आहे. पेटीला कुलूप आहे, किल्ली व्यवस्थापकांकडे आहे आणि सूचना बहुतेक व्यवस्थापकांबद्दलच्याच आहेत.

उपमा अळणी आहे म्हणावं तर, “आजोबा, बीपी आहे ना तुम्हाला!” शुल्क का वाढलं विचारावं तर, “मुलाशी बोलणं झालंय.” मुलगा परदेशात. तो व्हिडिओ कॉलवर खुशाली विचारतो, तेव्हा फोन धरायला आश्रमातल्याच ताई उभ्या असतात. आजोबा एकदा त्यांच्याकडे बघतात आणि म्हणतात, “सगळं छान आहे.” झालं, समाधानी रहिवाशांत एकाची भर!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सांगितला आहे. औषधोपचार आहेत, करमणुकीची साधनंसुद्धा आहेत. रहिवाशांनी निवडलेली समिती मात्र नाही. टीव्ही बघा, बोलू नका!

तेव्हा पुढच्या भेटीला सफरचंदं नेलीत तरी चालेल, पण निघताना ऑफिसात जाऊन त्या पेटीची किल्ली तेवढी मागा.