मावळात भाड्याचं घर : होतकरू भाडेकरूंसाठी कागदोपत्री मार्गदर्शन

मावळात भाड्याने घर शोधायला निघताना घराचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी डझनभर पासपोर्ट साइज फोटो काढून घ्यावेत. फोटोत हसू नये. हसणारा भाडेकरू भाडं थकवतो, असा घरमालकांत समज आहे. फार गंभीरही दिसू नये, कारण मग 'काही प्रकरण तर नाही ना?' अशी विचारणा होते. चेहरा असा असावा की या माणसाच्या घरी पाहुणे येत नाहीत, कुत्रा नाही आणि रात्री साडेनऊनंतर तो फोडणीसुद्धा देत नाही.

आधार आणि पॅनच्या झेरॉक्स भरपूर काढाव्यात. एक एजंट घेतो, एक मालक घेतो आणि एक सोसायटीचे सेक्रेटरी. हे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले असल्यास प्रत्येक पानावर 'मूळ प्रतीवरून पडताळले' असं लिहायला लावतात. हे सगळं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून न्यावं. लोणावळ्याचा जुलै कुणाची साक्षांकित प्रत पाहत नाही.

पुढचा कागद नोकरीचा. तळेगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. गेटपासवर नाव बड्या कंपनीचं असतं आणि पगार ठेकेदाराकडून येतो, तोही खात्यावर भलत्याच शहरातल्या फर्मच्या नावाने. मालक चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "म्हणजे तुम्ही पर्मनंट नाही?" यावर "काका, आजकाल कुणीच नाही" हे उत्तर खरं असलं तरी देऊ नये. "ऑर्डर निघायची आहे" म्हणावं. मावळात ऑर्डर कायम निघायचीच असते.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागदांची धास्ती कायद्याने मालकाला घातली आहे आणि धावपळ मात्र भाडेकरू करतो. हे कलम पाठ करावं, पण मालकासमोर म्हणून दाखवू नये. कलम माहीत असलेल्या भाडेकरूला "बघतो, कळवतो" हे उत्तर मिळतं आणि कळवणं कधी होत नाही.

करार अकरा महिन्यांचाच का, असं विचारण्याचा मोह आवरावा. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, ते टाळायला लोकांनी एक महिना छाटला. २००० नंतर इथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, म्हणजे छाटण्याचं कारण संपलं. छाटणी मात्र चालू आहे, कारण अकरा महिन्यांनी भाडं वाढवता येतं आणि एजंटला पुन्हा भेटता येतं.

सरकारचा खर्च तसा नगण्य. मुदतीतलं एकूण भाडं आणि अनामतीवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. बारा हजार भाडं आणि पन्नास हजार अनामत असली तर अकरा महिन्यांसाठी साडेतीनशेच्या आसपास रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५००. म्हणजे लोणावळा नगरपरिषदेची हद्द ओलांडून पलीकडच्या ग्रामपंचायतीत बिऱ्हाड केलं की पाचशे वाचतात, आणि ते महिनाभरात रिक्षाला जातात. एजंटची दलाली मात्र एक महिन्याचं भाडं. ती कोणत्या कलमाखाली येते हे विचारू नये, ती प्रथेखाली येते.

नोंदणीसाठी आता घरबसल्या अंगठा देता येतो. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. ज्यांनी आयुष्यभर फाइली चाळल्या त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो. ज्यांनी फरशा बसवल्या, भांडी घासली, भात लावला, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. मग बोट कपाळावर घासून पाहायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, दुसरं बोट द्यायचं. तेवढ्यात लाईट जाते. अशा वेळी चहा मागवावा आणि चहाचे पैसे आपण द्यावेत.

इथवरचे कागद राज्यात कुठेही लागतील. लोणावळ्याची खासियत पुढे आहे. बंगले रिकामे दिसतात म्हणून हुरळून जाऊ नये. मालक मुंबईत असतो, बंगला माळीकाकांच्या ताब्यात असतो आणि माळीकाका "शेठला विचारून सांगतो" एवढंच म्हणतात. शेठचं गणित सोपं आहे. तुम्ही महिन्याला जे द्याल त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी भुशी धरणावर भिजायला आलेली मित्रमंडळी देऊन जाते. तरीही कुणी घर दिलंच, तर 'शनिवार-रविवारी आमचे पाहुणे आल्यास सहकार्य करावे' हे वाक्य करारात कुठे दडलंय ते शोधावं. सहकार्य करणे याचा अर्थ त्या दोन दिवशी मावशीकडे चिंचवडला जाऊन राहणे. जी मावशी तयार असेल तिचंही संमतिपत्र घेऊन ठेवावं.

आता जे कुठल्याच यादीत नाहीत त्या प्रश्नांकडे वळू. "आडनाव काय म्हणालात?" हा पहिला. त्यावर थोडी शांतता. मग "मूळचे कुठले?" मग "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही हं, तसं काही नाही, पण शेजारी जरा..." हा शेजारी कधी दिसत नाही. एकट्या मुलीला वडिलांचा फोन नंबर मागतात, एकट्या मुलाला लग्नाची तारीख. जोडप्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागतात आणि ते आधारच्याही वर ठेवतात. कुणी हे प्रश्न लेखी देत नाही, कारण लेखी दिलं तर वाचून दाखवता येईल.

या बाबतीत मावळची जुनी कागदपत्रं पाहण्यासारखी आहेत. एकवीरेला जाताना कार्ल्याच्या लेण्यात वळून भिंतीवरचे शिलालेख पाहावेत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी करजिक नावाचं गाव वलूरकच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंच्या योगक्षेमासाठी दिलं. पावसाळ्यात इथे राहतील त्या सगळ्यांसाठी, पंथ आणि मूळ कुठलं याचा भेद न करता, असं त्यात कोरलं आहे. दुसऱ्या लेखात सातवाहन राजाची आज्ञा थेट 'मामाळ'च्या अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या मावळच्याच तलाठ्याच्या पूर्वजाला गेली आहे. दगडात कोरलेला, अकरा महिन्यांनी न संपणारा, आडनाव न विचारणारा करार. याची झेरॉक्स काढून मालकाला देऊ नये. तो म्हणेल, तेव्हा सोसायटी नव्हती.

पोलीस पडताळणीत हद्द नीट पाहावी. तळेगाव दाभाडे २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. पुढचंच स्टेशन वडगाव, आणि तिथून कामशेत, लोणावळा हे सगळं पुणे ग्रामीणकडे. लोकलने काही मिनिटं पुढे सरकलेला भाडेकरू आयुक्तांच्या राज्यातून अधीक्षकांच्या राज्यात येतो आणि त्याची माहिती नव्याने द्यावी लागते. पोचपावतीची एक प्रत मालकाला द्यावी. तो ती वाचत नाही, पण मागतो.

सगळ्यात मोलाचा कागद कुणी मागत नाही, तो आपण तयार करावा. घराचा ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा, छताचा आणि खिडकीखालच्या कोपऱ्याचा फोटो काढावा, तारखेसकट. घर एप्रिलात पाहिलेलं असतं, तेव्हा गेल्या वर्षीचा बारीकसा डाग सोडला तर भिंती पांढऱ्याशुभ्र असतात. ऑगस्टपर्यंत कपाटामागे बुरशीचा काळा नकाशा उमटतो, गाद्यांना वास येतो, चपलांवर हिरवं उगवतं. अनामत परत देताना या सगळ्याला 'भाडेकरूने केलेली नासधूस' म्हणतात आणि रंगाचे पैसे कापतात. अशा वेळी फोटो काढून दाखवावेत, गेल्या वर्षीचा डाग आणि या वर्षीचा डाग एकाच जागी आहे हे बोटाने दाखवावं. मालक फोटो मोठा करून बराच वेळ पाहतो आणि मग म्हणतो, "बघा, तेव्हा किती लहान होता."