मिसूरीकाठची मत्स्यसाधना

सेंट लुईस परिसरातल्या मराठी गृहस्थाला चॅनेल कॅटफिश धरण्याची इच्छा झाल्यास त्याने सर्वप्रथम मनातून पापलेट काढून टाकावे. पापलेट, सुरमई, हलवा ही समुद्रातली खानदानी मंडळी. चॅनेल कॅटफिश हा नदीतळ्याच्या बुडाशी राहणारा, बिनखवल्याचा, आठ मिशांचा इसम आहे. मालवणकडच्या माणसाच्या लेखी गोड्या पाण्यातला मासा मुळात मासाच नसतो. तेव्हा घरातून उत्तेजन मिळेल, अशी आशा साधकाने धरू नये.

सरकारदरबारी मात्र या माशाचे वजन आहे. मिसूरीने १९९७ साली त्याला राज्याचा मासा ठरवले. त्याआधी दहा वर्षे, खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २५ जून १९८७ हा राष्ट्रीय कॅटफिश दिन म्हणून जाहीर केला होता. पुढे २००२ मध्ये तर व्हिएतनामहून येणाऱ्या बासाला ‘कॅटफिश’ म्हणून विकण्यास अमेरिकेने कायद्यानेच मनाई केली. मुंबईच्या हॉटेलांत फिश फिंगर म्हणून जो पांढरा, निर्विकार तुकडा पुढ्यात येतो, तो पुष्कळदा हाच बासा. चॅनेल कॅटफिशइतके राजकीय संरक्षण लाभलेला दुसरा मासा निदान आमच्या पाहण्यात नाही.

आता परवाना. मिसूरीच्या रहिवाशाला सोळाव्या वर्षापासून पासष्टी गाठेपर्यंत तो लागतो. इथे एक कौटुंबिक पेच आहे. डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा पासष्टीच्या पुढचे असले, तरी ती सवलत रहिवाशांसाठी असते. बाबांना दिवसाचा का होईना, परवाना काढावाच लागतो. ‘ते नुसता रॉड धरून बसले होते’ हा बचाव परवाने तपासणाऱ्या कन्झर्व्हेशन एजंटपुढे टिकेल, या भ्रमात राहू नये. विशेषतः बाबा त्याच वेळी मागून “लागला रे, लागला!” असे ओरडत असतील तर.

या शास्त्राचा गाभा म्हणजे आमिष. माणसाच्या तोंडात चव कळणाऱ्या कळ्या काही हजार. चॅनेल कॅटफिशला त्या मिशांपासून शेपटीपर्यंत अंगभर असतात आणि त्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. थोडक्यात, ही पोहणारी जीभ आहे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचा, म्हणून तो वासावर आणि चवीवर चालतो. तेव्हा आमिष सुंदर नको, घाण हवे. स्थानिक आचार्य उन्हात ठेवलेली कोंबडीची कलेजी वापरतात, चीज आणि रक्त कालवून लगदा करतात, आणि एक पंथ तर हॉट डॉगचे तुकडे लसूण व स्ट्रॉबेरी सरबताच्या पुडीत रात्रभर मुरवतो. आपण हसू नये. आपल्या फ्रीजच्या तळाशी तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुकट आणि गॅरेजमध्ये हद्दपार केलेले बोंबील आहेत. या बाबतीत आपली परंपरा कोणापेक्षा कमी नाही. फक्त ते घरातून नेताना मोजून न्यावेत. मासा न मिळाल्याचे दुःख आवरता येते, बोंबील संपल्याचे घरात ऐकवून घ्यावे लागते.

कलेजी गळावर टिकत नाही, फेकताच निसटून भलतीकडे जाते. जुन्या नायलॉन मोज्याच्या तुकड्यात तिची पुरचुंडी बांधावी. मोजा कोणाचा, हे आधी विचारून घ्यावे.

नवशिक्याने थेट मिसूरी नदीवर जाऊ नये. तिची ओढ जबर असते. शहरातल्या बागेतली तळी बरी. तिथे राज्याचे मत्स्यखाते उन्हाळ्यात खाण्याजोगे कॅटफिश स्वतः आणून सोडते. सरकारने सोडलेला मासा सरकारी परवान्यावर पुन्हा धरण्यात पुरुषार्थ कसला, असा प्रश्न काही जण विचारतात. त्यांनी खुशाल मोठ्या नदीवर जाऊन, वळणावर पडलेल्या झाडांमागचे डोह शोधावेत. दिवसा मासा खोलात असतो, अंधार पडू लागला की उथळात चरायला येतो. पाऊस होऊन पाणी चढले की त्याची भूक वाढते. शेजारच्या ओक्लाहोमात बिळात हात घालून कॅटफिश ओढतात. मिसूरीत ते बेकायदा आहे, याबद्दल कायद्याचे आभार मानावेत.

जूनच्या सुमारास नर एखाद्या कपारीत अंड्यांवर बसतो, पंखांनी वारा घालतो आणि अंडी घालून झाली की मादीलाही हुसकावून लावतो. बाळंतपणाच्या या दिवसांत त्याचे खाण्याकडे लक्ष नसते. म्हणजे रेगनसाहेबांनी निवडलेला दिन नेमका मासा न लागण्याच्या हंगामात येतो. दिल्ली असो की वॉशिंग्टन, तारखा ठरवणारे तळ्यावर जात नाहीत.

तंगूस पाण्यात सोडून, शिसे तळाला टेकले की रॉड दुबेळक्यात ठेवावा, टोकाला घुंगरू लावावे आणि खुर्चीत बसावे. गोल वळणाचा गळ असेल तर घुंगरू वाजताच झटका मारायचा नसतो. नुसती रील गुंडाळत राहायची, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात रुततो. आपण काही केले नाही तरी काम होते, हे ऑफिसात वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसालाही इथे पटत नाही. तो उठतो, झटका मारतो, आणि मासा जातो.

मासा हाती आलाच, तर मिशांना भिऊ नये, त्या निरुपद्रवी आहेत. पाठीवरचा एक आणि दोन बाजूंच्या परांतला एकेक काटा मात्र ताठ उभा राहतो आणि खोल टोचतो. लहान माशाचा अधिकच. धरल्यावर तो बाजूंचे काटे घासून कुरकुर आवाज करतो. उत्तर देऊ नये.

साल पक्कडीने ओढून काढावी. मांसातला लालसर थर कापून टाकावा. तरीही चिखलाचा वास राहतो. त्यामागे जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. पहिल्या पावसात मातीतून जो सुगंध येतो आणि ज्यावर आपल्याकडे ढिगाने कविता झाल्या, त्यामागेही तेच. ताटात मात्र कवीही नाक मुरडतो. आंबटाने जिओस्मिन मोडते, म्हणून दक्षिणेतले अमेरिकन मासा ताकात बुडवून मक्याच्या पिठात तळतात. आपण चांगली मूठभर आमसुले आणि चार तिरफळे टाकून कालवण करावे.

वाढताना पाहुण्यांना माशाचे नाव सांगू नये. कोणी विचारलेच, तर “इथलाच आहे, ताजा आहे” एवढे म्हणून भात वाढावा.