तवा आधी, जग नंतर

कोथरूडमधल्या एका दुसऱ्या मजल्यावर बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ रोज रात्री जेवणं आटोपली की जग वाचवायला बसतो. नोकरी बँकेत, हप्ते फ्लॅटचे, आवड रोल-प्लेइंग गेमची आणि त्याखालोखाल अफाट खर्चाच्या सिनेमांची. दोन्हीकडे जग बुडत असतं. पण आईनं 'अरे, कुकर दुरुस्तीला टाकलाय, दुकान बंद व्हायच्या आत आणतोस का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'आलोच. तेवढा आजीचा तवा देऊन येतो.'

'कुठल्या आजीचा?'

ही आजी 'द विचर ३' मधली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं २०१५ साली काढलेला हा गेम. नायक जेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारतो. मानलेल्या लेकीच्या, सिरीच्या मागे भुताटकी घोडेस्वारांची फौज लागली आहे, प्रेयसीचा ठावठिकाणा नाही, मुलूख लढाईनं उजाड झालाय. अशात पहिल्याच गावात एक म्हातारी त्याला थांबवते. तिचा तवा एका कुलूपबंद झोपडीत अडकलाय, तेवढा काढून द्या म्हणते. जेराल्ट जादूच्या धक्क्यानं दार फोडतो, तवा हुडकतो, तो इतका लख्ख कसा याचा गुप्तहेरासारखा विचार करतो आणि म्हातारीच्या हातात नेऊन देतो. मोबदला किरकोळ. गृहस्थाच्या मते अख्ख्या गेममधला हाच सर्वांत थोर पराक्रम, कारण राक्षस काय, कुणीही मारील. परक्या बाईचा तवा कोण आणून देतं?

घरच्या बाईच्या कुकरबद्दल त्याला अजून कुणी छेडलेलं नाही.

याच जेराल्टला पुढे ग्वेंट नावाच्या पत्त्यांच्या डावाची चटक लागते. म्हणजे ती खेळणाऱ्याला लागते, बदनाम जेराल्ट होतो. लेक जिवाच्या आकांतानं पळतेय आणि बाप खानावळवाल्याशी पत्ते कुटत बसलाय, हे दृश्य आपल्या एखाद्या सामाजिक नाटकात शोभलं असतं. कंपनीनं २०१८ मध्ये ग्वेंट स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणला, तेव्हा गृहस्थानं ती बातमी कात्रण असल्यासारखी बायकोला दाखवली. 'बघ, मी वेळ वाया घालवत नव्हतो.' तिनं बघितलं. बोलली काही नाही.

कोथरूडात राहायचं तर एखादा सिद्धान्त बाळगावा लागतो. त्याचा असा, की संकटाच्या गोष्टीत माणूस ओळखू येतो तो त्यानं संकटातून काढलेल्या रिकाम्या वेळात. पुरावे हवेत? २०२३ च्या 'बॉल्डर्स गेट ३' मध्ये नायकाच्या मेंदूत अळी शिरलेली असते, काही दिवसांत त्याचाच राक्षस होणार असतो, आणि हा बेटा तळावर स्क्रॅच नावाच्या कुत्र्याला चेंडू फेकत बसतो. २०११ च्या 'स्कायरिम' मध्ये जग गिळायला ड्रॅगन उठलेला, तर दुकानदाराच्या डोक्यावर बादली उपडी घालून, त्याला दिसत नाही म्हणून दुकान साफ करता येतं. बादलीबद्दल दुकानदाराची तक्रार नसते.

'स्कायरिम' मध्ये पाठीवरच्या ओझ्याला मर्यादा आहे, सुरुवातीला ३००. चीजच्या चकत्या, कोबी, तलवारी, मेणबत्त्या, जे दिसेल ते उचलत गेलं की नायकाचं धावणं बंद होतं आणि तो लग्नाच्या वऱ्हाडातल्या सामानवाल्या मामासारखा पाय ओढत चालू लागतो. गृहस्थ तरीही काही टाकत नाही. औषधाच्या शेकडो बाटल्या 'लागतील कधीतरी' म्हणून साठवून ठेवतो आणि गेम संपतो तरी त्यातली एक फोडत नाही. स्वयंपाकघरात आईनं श्रीखंडाचे रिकामे डबे याच शब्दांत रचून ठेवलेत. तिथे मात्र तो अडगळ म्हणतो.

सिनेमालाही तो हाच गज लावतो. १९७५ च्या 'जॉज' मध्ये स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, त्यामुळे मासा फारसा दाखवता आला नाही. मग उरलं काय? बोटीत रात्री दारू पीत आपापल्या अंगावरचे व्रण दाखवणारी माणसं! गृहस्थाला तोंडपाठ आहे तो हा प्रसंग. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स' मध्ये न्यूयॉर्कची नासधूस बघताना तो घड्याळ बघतो. श्रेयनामावलीनंतर दमलेले वीर मुकाट्यानं शवर्मा खातात, तिथे सावरून बसतो. हा तुकडा अमेरिकेतल्या पहिल्या खेळानंतर घाईनं चित्रित झाला. तोवर ख्रिस इव्हान्सनं दुसऱ्या सिनेमासाठी दाढी वाढवली होती, म्हणून कॅप्टन अमेरिका तिथे तोंडावर हात धरून बसलाय. जेवायला बसून न जेवणारा तेवढा एकच.

तीन तास एक मिनिटाच्या 'एंडगेम' ला आपल्याकडच्या थिएटरांनी मधोमध मध्यंतर घातलं, याबद्दल पुष्कळ रसिक चिडले. गृहस्थ मात्र सामोशाच्या रांगेत कृतार्थ उभा होता. जग बुडतंय आणि आपण चटणी मागतोय, याहून अस्सल अनुभव कुठला?

गेमवरून सिनेमा करणारे फसतात ते तवा वगळतात म्हणून, असं त्याचं ठाम मत. 'फायनल फँटसी' च्या जनकानं, हिरोनोबु साकागुचीनं, २००१ साली सुमारे १३.७ कोटी डॉलरचा संगणकी सिनेमा काढला. नायिकेचे सुमारे ६०,००० केस सुटे सुटे हलवले होते. चोकोबो पक्ष्यावर बसून उनाडायची गेममधली मजा तेवढी राहून गेली. चित्रपट आपटला. उलट २०२३ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मध्ये मंडळी मंत्रानं मुडदा उठवतात, त्याला पाचच प्रश्न विचारायची मुभा, आणि ते फालतू बोलण्यात खर्ची पडतात. हा सिनेमाही तिकीटबारीवर म्हणावा तसा चालला नाही, पण त्याला काही सांगायला जाऊ नका.

पुण्यातच घडलेल्या 'राजी' या २०२० च्या गेमवर त्याचा लोभ आहे आणि किंचित रागही. त्यातली राजी भावाला शोधायला निघते ती थांबत नाही. फार तर भिंतीवरच्या देवादिकांच्या चित्रांपाशी घटकाभर. पत्ते नाहीत, तवा नाही. 'बहिणीला काळजी असते,' आई आतून म्हणाली.

त्यानं गेम थांबवला, पाकीट उघडलं. कुकरची पावती नीट घडी घालून आत होती, मार्चमधली. दुकान मात्र साडेआठला बंद झालं होतं.